डब्ल्यू १६ इंजिनाचा निरोप, तोही छताशिवाय

बुगाटी कंपनीच्या मिस्ट्राल या बिनछताच्या गाडीचा विषय निघाला की सगळे ताशी ४५३.९१ किमी या आकड्यावरच येऊन थांबतात. ठीके, आकडा भारीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या टेस्ट ट्रॅकवर टेस्ट ड्रायव्हर अँडी वॉलेसने उघड्या गाडीत तो गाठला आणि हेनेसी वेनम जीटी स्पायडर या दुसऱ्या उघड्या गाडीचा ४२७ चा रेकॉर्ड पार मागे टाकला. पण याच वॉलेसने २०१९ मध्ये बुगाटीच्याच बंद छताच्या शिरॉनमध्ये ताशी ४९० ओलांडले होते, मग नुसता स्पीडच दाखवायचा असता तर छत काढायची गरजच काय होती? मला विचाराल तर ही गाडी काढली ती तिचं १६ सिलिंडरचं डब्ल्यू १६ इंजिन ऐकवायला.

आणि ऐकण्यासारखं काय आहे ते इंजिनाच्या जन्मापासून सांगावं लागतं. १९९७ मध्ये फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पिएख जपानच्या बुलेट ट्रेनमधून टोकियो ते नागोया चालले होते, सोबत इंजिन विभागाचे कार्ल-हाइन्झ नॉयमान, आणि गप्पा मारता मारता पिएखनी एका पाकिटावर १८ सिलिंडरच्या इंजिनाचं चित्र काढलं. तेव्हा त्यांच्याकडे ते इंजिन बसवायला बुगाटी हा ब्रँडसुद्धा नव्हता! तो फोक्सवॅगनने १९९८ मध्ये घेतला. म्हणजे आधी इंजिनाचं डोहाळेजेवण, मग लग्न. पुढे १८ चे १६ सिलिंडर झाले, चार टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) आले आणि २००५ ला बुगाटीची १००१ हॉर्सपॉवरची वेरॉन रस्त्यावर आली, थंड ठेवायला १० रेडिएटर लावून.

१६ सिलिंडर नेहमीच्या व्ही पद्धतीने, म्हणजे दोन सरळ रांगांत, लावले असते तर इंजिन भलतंच लांब झालं असतं, म्हणून त्यांनी प्रत्येक बाजूचे आठ सिलिंडर १५ अंशात दाटीवाटीने बसवले आणि असे दोन गठ्ठे ९० अंशात जोडले, त्यामुळे आठ लिटरचं हे धूड दोन माणसांच्या पाठीमागे मावलं. शिरॉनमध्ये टर्बो आणखी मोठे झाले, पण चारही एकदम फिरवले तर खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) गाडी सुस्त राहील, म्हणून आधी दोनच टर्बो काम करतात आणि साधारण ३८०० आरपीएमच्या पुढे बाकीचे दोन जोर लावतात. मिस्ट्रालमध्ये याच इंजिनाची १६०० हॉर्सपॉवरची आवृत्ती आहे.

गंमत म्हणजे शिरॉनची उघडी आवृत्ती कधी निघालीच नाही. वेरॉनची होती. मिस्ट्रालमध्ये मात्र हवा आत घेणारी दोन तोंडं थेट दोन्ही सीटच्या मागे, डोक्याच्या उंचीवर आहेत, गाडी उलटली तर तिचं सगळं वजन पेलतील इतक्या मजबूत कार्बन फायबरची. आता विचार करा, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन हवा ओढतंय ते तुमच्या कानाशेजारून, आणि पाय काढला की टर्बोचा फुस्सकन उसासा तिथेच! बंद गाडीत हे सगळं काचेपलीकडे राहतं. व्हिडिओ बघणार असाल तर हेडफोन लावून बघा, आपल्यासारख्यांना तेवढंच परवडतं, कारण गाड्या फक्त ९९, टॅक्स सोडून किंमत ५० लाख युरो आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जगासमोर आणली तेव्हा सगळ्या आधीच विकल्या गेलेल्या.

डिझाइनबद्दल फार नाही बोलत. प्रेरणा बुगाटीच्याच १९३४ च्या टाइप ५७ रोडस्टर ग्रां रेडची, नाव दक्षिण फ्रान्समधल्या जोरदार वाऱ्याचं, मागचे लाइट एक्स आकाराचे, काहींना जाम आवडतात, मला जरा जास्तच वाटतात. गिअर लिव्हरमध्ये अंबरच्या (पिवळसर पारदर्शक राळेच्या) आत नाचणारा हत्ती आहे, तो कंपनीचे संस्थापक एत्तोरे बुगाटींचा भाऊ रेम्ब्राँ याच्या शिल्पावरून घेतलाय, ते मात्र झकास.

एक खोडी काढायचीच आहे. डब्ल्यू १६ ची रस्त्यावरची शेवटची गाडी म्हणून मिस्ट्राल आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बुगाटीने ब्रुयार नावाची एकुलती एक गाडी दाखवली, त्यात परत तेच १६०० हॉर्सपॉवरचं डब्ल्यू १६! म्हणजे पाहुणा दारात चप्पल घालून उभा आणि गप्पा काही संपेनात. अर्थात ब्रुयार एकाच गिऱ्हाइकासाठी बनवलेली आणि बंद छताची, त्यामुळे मिस्ट्रालचा मान मला तरी कमी वाटत नाही.

बुगाटीची पुढची गाडी टूर्बियाँ २०२४ मध्येच दाखवून झाली, तिच्यात ८.३ लिटरचं व्ही १६, एकही टर्बो नाही, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं, जोडीला तीन इलेक्ट्रिक मोटर आणि सगळं मिळून १८०० हॉर्सपॉवर. आकड्यांत ती पुढेच आहे आणि वरच्या आरपीएमला तिचा आवाज कदाचित जास्त गोडही वाटेल, पण टर्बोच नाहीत म्हटल्यावर तो उसासा तिच्यात ऐकू येणार नाही.