खालचे दोनच दात, पण काय सांगू
आज अंगावर पाजताना तिसऱ्यांदा चावला. आठ महिन्यांचं पिल्लू, खालचे दोनच दात आलेत पण असला कचकन चावला ना की डोळ्यासमोर काजवे चमकले, मी जोरात ओरडले तर हा आधी दचकला मग रडला आणि मग मलाच रडू आलं. सासूबाई म्हणे, "आता वरचं दूध सुरू कर गं." नाही करणार! नीट बघितलं तर पोट भरत आलं की मगच चावतो, कारण दूध ओढताना जीभ खालच्या दातांवर असते, तेव्हा जमतच नाही त्याला. मग संध्याकाळी ओढणं थांबवून खेळायला लागल्याबरोबर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी सरकवून सोडवलं, खेचलं नाही (खेचलं की जास्त लागतं, अनुभव आहे 😭). हातात फ्रिजमधलं गार टीदर दिलंय, तेच चघळत पडलाय आता लबाड.