दिवाडी आणि नार्वे: ओहोटीच्या वेळेला धरून

मुलांना घेऊन गोवा दाखवायचाय आणि किनाऱ्यावरची गर्दी नकोय, तर गाडी जुन्या गोव्यातच उभी करा आणि व्हाइसरॉय आर्चच्या मागच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर जा. पायी चालणाऱ्याला तिकीट नाही. सायकल चढवता आली तर उत्तमच, कारण बेटावरचा रस्ता सपाट असला तरी त्यावर सावली जवळजवळ नाही.

मात्र आधी ओहोटी केव्हा ते पाहा. भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगाव बंदराच्या वेळा मिळतात. मांडवीतून पाणी आत यायला-जायला वेळ लागतो, म्हणून दिवाडीला ओहोटी थोडी उशिरा धरायची. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज नऊला ओहोटी असेल, तर आठवड्यानं त्याच सुमाराला भरती असते. चिखल पाण्याखाली गेला की बगळे, खेकडे काहीच दिसत नाही आणि पोरं अर्ध्या तासात कंटाळतात. म्हणून पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खाजनाच्या, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर पोचा.

तिथं शोधायचं ते मानस. बांधाला बसवलेला हा लाकडी दरवाजा. ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून नदीत जातं, भरती चढू लागली की बाहेरच्या दाबानं तो आपोआप बंद होतो. मोटर नाही, वीज नाही. तो मिटताना बघायचा असेल तर ओहोटी उलटल्यावरही थांबावं लागतं. डबा तेव्हाच उघडा.

याच दरवाजात प्लास्टिकची बाटली किंवा पिशवी अडकली तर तो पुरता मिटत नाही, खारं पाणी शेतात शिरतं. कोरगुट भात खारेपण सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे. इथं कचरा टाकू नका म्हणतात ते काही शोभेपुरतं नाही. बांध मातीचाच, काठावर उभं राहू नये: खेकड्यांच्या बिळांनी तो आतून पोकळ झालेला असतो. फोटोसाठी तर मुळीच नको.

तिथून बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी. बेटावरच्याच जुन्या नार्व्यात कोटितीर्थाची तळी आहे. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात इथला. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर भक्तांनी लिंग नदीपलीकडच्या नार्व्यात नेलं, आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये तिथं देऊळ बांधून दिलं. म्हणजे देव ज्या पाण्यावरून गेला, तेच पाणी फेरी ओलांडते. पोरांना हे बोटीत बसल्यावरच सांगा, देवळात पोचल्यावर नव्हे.

नार्व्याहून डिचोलीकडे बस कमी. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ खलाशांनाच विचारा, नाहीतर संध्याकाळी धक्क्यावर अडकाल.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी सातला निघणं, माणशी दीड लिटर पाणी, टोपी, चिखल लागला तरी चालतील अशा चपला. ऑगस्टच्या शेवटी, दिवाडीवरच्या बोंदेरा उत्सवाच्या शनिवारी मात्र जाऊ नका. तेव्हा फेरीला उभं राहायला जागा मिळत नाही.