आमची वाटचाल : लॉगबुकाच्या मागच्या पानांपासून

काकांची लॉगबुकं एकूण सहा आहेत. विमानांचे पार्ट पुरवणाऱ्या आमच्या फर्मची वाटचाल लिहायची म्हणून मी ती कपाटातून काढली आणि दोन दिवस दुसरं काही कामच झालं नाही. काकांबद्दल बोलताना लोक हटकून म्हणतात, काय थरारक आयुष्य जगले हो, छोट्या छोट्या विमानांतून अटलांटिक ओलांडला, इतक्या देशांशी धंदा केला. खरं आहे ते. पण लॉगबुकातल्या तारखा नीट बघितल्या की वेगळंच दिसतं, एक नोंद १२ तारखेची आणि त्याच्या खालची थेट २१ ची. लॉगबुकात फक्त उडालेले तास लिहितात, बसून काढलेले दिवस कुणी लिहीत नाही. काका स्वतः म्हणतात, "माझं निम्मं आयुष्य हँगरच्या दारात उभं राहण्यात गेलं." हँगर म्हणजे विमान ठेवायची शेड. आमचा धंदा त्या १२ आणि २१ च्या मधून निघालाय.

काका फेरी पायलट होते. म्हणजे विकलं गेलेलं छोटं विमान उडवत नेऊन गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचं. सेसना १७२ सारखं चार सीटचं विमान जहाजाने पाठवायचं तर पंख काढा, पेटीत भरा, तिकडे परत जोडा, तपासा, त्यापेक्षा उडवत नेलेलं परवडतं. पण त्याच्या टाक्यांत इंधन जेमतेम चार-पाच तासांचं, आणि कॅनडातल्या गूज बेहून ग्रीनलंडमधलं नार्सार्सुआक साधारण साडेबाराशे किलोमीटर, ताशी दोनशेच्या वेगाने सहा तासांच्या वर. म्हणून मागच्या सीटा काढायच्या आणि तिथे जादा टाकी बसवायची, मग विमान ठरलेल्या वजनापेक्षा जड होतं, त्याची परवानगी वेगळी काढायची, आणि ते जड विमान रडतखडत वर चढेपर्यंत इंजिनचा प्रत्येक आवाज कान देऊन ऐकायचा. अंगात नारिंगी रबरी सूट, कारण खालचं पाणी इतकं गार की सूटशिवाय पडलं तर काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. नार्सार्सुआकची धावपट्टी अमेरिकन सैन्याने दुसऱ्या महायुद्धात बांधलेली, लांबलचक फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, आतल्या बाजूला, पलीकडे डोंगर आणि बर्फ. ढग खाली असले आणि समुद्राकडून चुकीच्या फियॉर्डमध्ये शिरलात तर शेवटी डोंगराची भिंत आणि वळायलाही जागा नाही. हे सगळं सांगताना काकांचा आवाज जरासुद्धा चढत नाही.

पीएनआर सांगताना मात्र ते कागद मागतात. पॉइंट ऑफ नो रिटर्न, म्हणजे ज्याच्या पुढे गेलात की परत फिरण्याइतकं इंधन उरत नाही ती जागा. समजा नऊ तासांचं इंधन आहे. जाताना समोरून वारा म्हणून वेग १८०, येताना तोच वारा पाठीशी म्हणून २२०. नऊ गुणिले २२०, भागिले दोन्ही वेगांची बेरीज ४००, म्हणजे चार तास सत्तावन्न मिनिटं. सगळ्यांना वाटतं निम्मे, म्हणजे साडेचार तास. काका खूश होतात कोणी चुकलं की. वर लगेच सांगतात की वेळ जास्त मिळाला तरी अंतर कमीच कापलं जातं, वारा नसता तर नऊशे किलोमीटर जाऊन परत येता आलं असतं, आता आठशे एक्क्याण्णवच. हे गणित त्यांनी माझ्यावर धंद्यातही वापरलंय, ते पुढे सांगते.

तर ते नऊ दिवस. आइसलँडमध्ये निघायच्या आधी रनअप करताना, म्हणजे जमिनीवरच इंजिन जोरात चालवून तपासताना, एक मॅग्नेटो बंद करून बघितला तर इंजिन थरथरायला लागलं. छोट्या विमानाच्या इंजिनला स्पार्क देणारे मॅग्नेटो दोन असतात, एक गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालतं, पण एका मॅग्नेटोवर समुद्रावर निघणारा माणूस म्हातारा होत नाही. पार्ट अवघड नव्हता, कोणाकडे तरी असणारच, पण कोणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी सापडला तर भलत्याच विमानतळावर पोचला. त्या दिवसांत काका तिथल्या मेकॅनिकांशी गप्पा मारत बसले आणि लॉगबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत गेले, कुठल्या देशात कोणत्या हँगरमध्ये कोणाकडे काय पडून आहे, पार्ट नंबरसकट. पुढच्या प्रत्येक फेरीला त्यात भर पडत गेली. मग उलटं व्हायला लागलं, लोकच काकांना विचारायला लागले की अमुक इंजिनचा अमुक पंप कुठे मिळेल. एक टेलेक्स मशीन घेतलं, तारेवरून टाइप केलेला मजकूर पाठवणारं, त्यावर काकू बसायच्या. ही आमची फर्म! गोडाऊन पुष्कळ नंतर आलं.

आमच्या धंद्यात एओजी हा एकच शब्द असा आहे की जो ऐकला की सगळे हातातलं टाकून उठतात. एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड, विमान पार्टवाचून उभं आहे. मोठ्या एअरलाइन्सकडे स्वतःची यंत्रणा असते, आमची गिऱ्हाइकं म्हणजे फ्लाइंग क्लब, विमानाने पिकांवर फवारणी करणारे, एकदोन विमानांचे मालक. एखादा स्पार्क प्लग, टायर, व्हॅक्यूम पंप, असल्याच वस्तू, पण तेवढ्यासाठी शिकणारी वीस पोरं खाली बसून असतात.

पार्ट मिळणं सोपं झालंय हल्ली, कागद मिळणं नाही. विमानाच्या पार्टसोबत तो चांगला असल्याचं रिलीज सर्टिफिकेट लागतं, अमेरिकेचं एक, युरोपचं एक, आणि त्यावरचा सिरियल किंवा बॅच नंबर डब्यातल्या मालाशी जुळला पाहिजे. नव्वदच्या दशकात एका दलालाकडून आम्ही बोल्टची मोठी लॉट घेतली. सर्टिफिकेटं व्यवस्थित दिसत होती, पण काकांना दोन वेगवेगळ्या तारखांच्या कागदांवर सही अगदी एकावर एक बसेल अशी दिसली, म्हणजे झेरॉक्सची सही. दलाल म्हणाला माल ओरिजिनलच आहे, असेलही. काकांनी आख्खी लॉट व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, धरून कापायला लावली, कारण नुसती फेकली तर कोणीतरी उचलून परत विकतं. मी तेव्हा नवीन होते, मला रडूच यायचं बाकी होतं. नंतर त्यांनी मला ८ सप्टेंबर १९८९ चा अपघात समजावून सांगितला, ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेलं कॉनव्हेअर ५८० डेन्मार्कजवळ समुद्रात पडलं, ५५ माणसं गेली, आणि तपासात शेपटीकडचा उभा पंख धरून ठेवणारे बोल्ट आणि पिना बनावट निघाल्या. तेव्हापासून आमच्याकडे कागद नाही तर पार्ट नाही. रबराच्या सील आणि होजवर तर कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत बनलं ते बघतो, कारण रबर डब्यात बसूनसुद्धा म्हातारं होतं.

माझी चूक पण लिहायला हवी. २००७ मध्ये मी दुसरं गोडाऊन घ्यायचं ठरवलं, कर्ज काढून. काकांनी कागद मागितला, इंधनाच्या जागी रोकड लिहिली, वाऱ्याच्या जागी उधारी, आणि म्हणाले, "तू परत फिरायची जागा आठव्या महिन्यात ओलांडणार." मी ऐकलं नाही. २००८ आलं, लोकांनी उडणंच कमी केलं, उधारी अडकली आणि ते गोडाऊन चौदाव्या महिन्यात बंद केलं. काका यावर एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला आणि युरोपचं आकाश बंद झालं तेव्हा आमचे तीन डबे तीन देशांत अडकले होते. काका शांतपणे म्हणाले, आता सगळं जग माझ्यासारखं हँगरच्या दारात उभं आहे. २०२० बद्दल नाही लिहीत, सगळ्यांनाच माहितीये.

आज आम्ही सात जण आहोत, काका अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. पायलटला लागणारं मेडिकल सर्टिफिकेट गेल्यापासून विमान चालवत नाहीत, ऑफिसला येत नाहीत, पण रोज संध्याकाळी फोन असतो. विक्री किती, पैसे आले का, असलं काही विचारत नाहीत. परवा एका क्लबचा व्हॅक्यूम पंप पाठवला होता. मी सांगितलं, पोचला काका, सही झाली, कागद पण मिळाले त्यांना.

"ते नाही विचारलं," म्हणाले.

मग मी क्लबला परत फोन लावला. सकाळी सव्वासातला उडालं होतं.