आमची वाटचाल: टँकर रिकामा झाल्यानंतरचं काम

आम्ही कारखान्यांच्या भट्ट्या आणि बॉयलरसाठी तेल पुरवतो. आमची सुरुवात हलक्या डिझेल तेलापासून झाली. हे तेल सोपं. तापवल्याशिवाय वाहतं, टाकीत ओतलं की पुरवठादाराचं काम संपतं. पुढे फर्नेस ऑइल, म्हणजे भट्टीत जाळायचं जड, घट्ट तेल घेतलं, आणि तिथे खरं काम टँकर रिकामा झाल्यावर सुरू होतं. किलोमागे साधारण 10,500 किलोकॅलरी उष्णता दोन्हींत जवळपास सारखीच. पण जड तेलाकडून ती पूर्ण वसूल करायची तर आधी त्यालाच तापवावं लागतं.

ग्राहक पहिल्यांदा भाव विचारतो. आम्ही विचारायला लागलो, की बर्नरच्या (तेल फवारून जाळणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी तेल किती अंशांवर पोहोचतं? 50 अंशांना 180 सेंटीस्टोक (तेलाचा घट्टपणा मोजायचं एकक) असलेलं तेल नीट फवारलं जायला 15 ते 20 सेंटीस्टोकपर्यंत पातळ व्हावं लागतं. त्यासाठी साधारण 105 ते 120 अंश लागतात. 380 सेंटीस्टोकचं तेल असेल तर आणखी पंधराएक. थर्मामीटर बहुतेक ठिकाणी प्रीहीटरच्या, म्हणजे बर्नरआधी तेल तापवणाऱ्या हीटरच्या, तोंडाशी बसवलेला असतो. मधला पाइप लांब आणि लॅगिंगशिवाय (उष्णता धरून ठेवणाऱ्या वेष्टणाशिवाय) असेल, तर बर्नरला तेल थंडच मिळतं. मग थेंब मोठे पडतात, धूर काळा होतो, भट्टीच्या विटांवर कोकचे (जळक्या कार्बनचे) ढेकूळ चढतात, आणि दोष तेलाला जातो. उलट फार तापवलं तर नोझलमध्ये कार्बन धरतो आणि ज्योत धापा टाकते.

हे तापमान टाकीत द्यायचं नाही. टाकीत पंप ओढेल इतकंच, 50 ते 55 अंश पुरे. फ्लॅश पॉइंटच्या, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते त्याच्या, किमान 10 अंश खाली. बाकीचं प्रीहीटरमध्ये, दाबाखाली. टाकीच्या तळाला पाणी असेल आणि तेल शंभरच्या वर गेलं, तर त्या पाण्याची वाफ होऊन अख्खी टाकी फेसाळून व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या नळीतून, बाहेर येते. म्हणून डिप रॉडला (टाकीतली पातळी मोजायच्या काठीला) पाणी दाखवणारी पेस्ट लावून तळ तपासणं आणि ड्रेनमधून पाणी काढणं, हे आम्ही प्रत्येक टँकर खाली करण्याआधीच ठेवलं. टाकी तापवणाऱ्या वाफेच्या कॉइलचं कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणीही, बघावं. त्यावर तेलाचा तवंग दिसला तर कॉइल फुटली आहे, आणि तेच पाणी बॉयलरला परत चाललंय.

मापावरून भांडणं ठरलेली. गरम तेल फुगतं, 10 अंशांना साधारण 0.7 टक्के. 60 अंशांवर भरलेला 12,000 लिटरचा टँकर 30 अंशांवर मोजला तर अडीचशे लिटर ‘कमी’ भरतो, आणि कुणी काही चोरलेलं नसतं. वजनावर व्यवहार केला की हा वाद उरत नाही. लिटरवरच करायचा असेल, तर डिपबरोबर तापमान आणि घनता लिहायलाच हवी.

आम्हाला जास्त शिकवलं ते मिसळण्याने. दोन फर्नेस ऑइल वेगवेगळी उत्तम असतात, एका टाकीत आली की अ‍ॅस्फाल्टीन (तेलातला डांबरासारखा जड भाग) खाली बसतं आणि स्ट्रेनर, म्हणजे तेल गाळणारी जाळी, तासाभरात चोंदतो. चाचणी अगदी साधी: दोन्ही नमुने निम्मे-निम्मे मिसळून गरम करायचे, एक थेंब गाळणकागदावर टाकून ओव्हनमध्ये वाळवायचा. डाग सारख्या रंगाचा पसरला तर ठीक. मधोमध गडद वर्तुळ उठलं तर जुनं तेल संपेपर्यंत नवं ओतायचं नाही. जाळ्या आम्ही खाली करताना 10 मेशची (इंचाला 10 छिद्रांची), प्रीहीटरच्या आधी 40, बर्नरआधी 100 अशा सुचवतो. प्रत्येक जागी दोन स्ट्रेनर जोडीने, म्हणजे एक साफ करताना भट्टी थांबत नाही.

ज्वलनात आम्ही एकच आकडा मागतो: धुरातला ऑक्सिजन. 3 टक्के म्हणजे सुमारे 17 टक्के जादा हवा. त्यापलीकडची हवा फक्त तापून चिमणीतून जाते. मात्र गंधक जास्त असलेल्या तेलात धूर फार थंड करण्याचा मोह नको. 150 अंशांच्या खाली गेलात तर आम्ल साचून पत्रा खातं. गळतीकडेही कोणी बघत नाही. सेकंदाला एक थेंब, 20 थेंबांचा मिलिलिटर धरला तरी दिवसाला चार लिटरांवर जातो. शिवाय तेल मुरलेलं लॅगिंग गरम पाइपवर आपोआप पेटू शकतं.

सुरक्षेत एक समज सगळीकडे भेटतो: फ्लॅश पॉइंट 66 च्या वर आहे, मग टाकी निर्धोक. तसं नाही. तापवलेल्या जड तेलावरच्या मोकळ्या जागेत त्याखालीही पेटणारी वाफ साठते, आणि तिच्यासोबत हायड्रोजन सल्फाइड. हा वायू थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. म्हणून वास थांबला हे चांगलं लक्षण नव्हे. मॅनहोल उघडताना वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहायचं. आत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन, ज्वलनशील वायू आणि हायड्रोजन सल्फाइड तिन्ही मीटरने मोजायचे, बाहेर एक माणूस ठेवायचा. आतला कोसळला तर बाहेरच्याने श्वसनयंत्राशिवाय मागे उडी घ्यायची नाही. टाकीभोवतीचा बांध सर्वांत मोठ्या टाकीच्या क्षमतेच्या 110 टक्के द्रव धरेल इतका हवा. आग लागली तर फेस किंवा कोरडी पावडर. पाण्याचा झोत तेल उकळून उडवतो.

बर्नर विझला तर लाल तापलेल्या विटांवर तेल सोडून पेटवू नये. आधी पंख्याने भट्टीच्या आकारमानाच्या चार-पाच पट हवा फिरवून आतला धूर बाहेर काढायचा, मग पायलट (पेटवायची छोटी ज्योत).

अलीकडे आमच्याकडची मागणी कमी गंधकाच्या जड तेलाकडे वळली आहे. ते आम्ल कमी करतं, पण त्यात मेण जास्त असतं. पाइपमध्ये थंड झालं की घट्ट बसतं, नुसत्या पंपाने हलत नाही. म्हणून पाइपला वाफेची किंवा विजेची हीटिंग लागते, आणि भट्टी बंद करण्याआधी शेवटची काही मिनिटं हलकं डिझेल तेल चालवून लाइन व नोझल धुऊन ठेवावी लागते.