स्क्रीन बंद केला, पण गेला नाही

दुरुस्ती एवढीशीच होती. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर टाकीच्या लेव्हलला चुकीचा टॅग, म्हणजे आकडा कुठून घ्यायचा ते सांगणारं नाव, लागला होता. फॅक्टरीटॉक व्ह्यू एसई या प्लांटचे स्क्रीन बनवायच्या सॉफ्टवेअरच्या स्टुडिओत टॅग बदलला, सेव्ह केलं आणि कंट्रोल रूमला फोन लावला. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, जुनाच आकडा येतोय."

पुन्हा सेव्ह केलं. पीएलसीतला (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमधला) पत्ता पाहिला, कम्युनिकेशन पाहिलं. स्क्रीन बंद करून उघडायला सांगितलं, तरी तेच. तासभर असाच गेला. शेवटी शेजारच्या क्लायंटवर, म्हणजे हेच स्क्रीन दाखवणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, जिथे तो स्क्रीन दिवसभरात कोणी उघडलाच नव्हता, तिथे उघडून पाहिला. आकडा बरोबर! म्हणजे फाइल नवीच होती, जुनं काही असेल तर ते पहिल्या क्लायंटच्या मेमरीत.

डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 'कॅश आफ्टर डिस्प्लेइंग' (दाखवून झाल्यावर मेमरीत ठेवणं) चालू होतं. स्क्रीन पटकन उघडावा म्हणून मीच कधीतरी लावलेलं. असा स्क्रीन बंद केला तरी मेमरीतच राहतो आणि पुढच्या वेळी तिथूनच वर येतो. त्या क्लायंटवर ही मेमरी रिकामी करणारी 'फ्लशमेम' कमांड चालवली, स्क्रीन उघडला, काम झालं.

मग सगळेच स्क्रीन तपासायला घेतले. भरपूर चित्रं असलेला, दर पाच मिनिटांनी उघडला जाणारा ओव्हरव्ह्यू कॅशमध्ये ठेवला. क्वचित लागणारे काढले. 'ऑलवेज अपडेटिंग' मात्र जवळपास सगळीकडून बंद केलं, कारण त्यात स्क्रीन दिसत नसतानाही टॅग वाचणं चालूच राहतं आणि तो भार उगाच वाढतो.

खरा घाम व्हीबीएने, म्हणजे स्क्रीनमागे लिहिलेल्या कोडने काढला. एका स्क्रीनवर उघडताच पहिला पंप निवडलेला असावा, असा कोड मी लोड इव्हेंटमध्ये, म्हणजे स्क्रीन लोड होताना चालेल असा, लिहिला होता. पहिल्यांदा चालायचा, दुसऱ्यांदा नाही. ऑपरेटर म्हणायचा, "कधी चालतं, कधी नाही," आणि मी मनातल्या मनात त्यालाच दोष द्यायचो. कॅशमधला स्क्रीन पुन्हा लोड होतच नाही, मग इव्हेंट तरी कुठून येणार? कोड स्क्रीन दिसायला लागताना येणाऱ्या ॲनिमेशन स्टार्ट इव्हेंटमध्ये हलवला, आता प्रत्येक वेळी चालतो.

फ्लशमेमचं बटण मेंटेनन्सच्या स्क्रीनवर ठेवलंय, लॉगिनमागे. तो स्क्रीन अर्थातच कॅशमध्ये नाही.