तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो छापूनच का देते?

"व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना, छापत काय बसता?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता सविस्तर उत्तर लिहूनच टाकते. माझ्या पिशवीत कायम एक-दोन छोटे प्रिंटर असतात. अनोळखी माणसाचा फोटो काढला की मी तिथेच थांबते, फोनवरून प्रिंट देते, कागद त्या माणसाच्या हातात ठेवते आणि मग पुढे जाते. बघणाऱ्याला हा खटाटोप वाटतो, हे मला कळतं.

याची सुरुवात एका डायरीतून झाली. पूर्वी मी फोटो काढायचे, "पाठवते हं" म्हणायचे आणि पत्ता लिहून घ्यायचे. डायरीचं ते पान अजून माझ्याकडे आहे. चौदा पत्ते, त्यातल्या पाचांपुढे बरोबरची खूण. उरलेल्या नऊ जणांनी काही दिवस तरी वाट पाहिली असेल. त्यांचे चेहरे माझ्याकडे आहेत आणि त्यांच्याकडे माझा फक्त शब्द. फोन आल्यावरही यात फार फरक पडला नाही. फोटो पाठवायचा तर नंबर मागावा लागतो, आणि अनोळखी बाईला किंवा मुलीला "तुमचा नंबर द्या" म्हणणं मला पटत नाही. द्यायचं ते तिथल्या तिथे, कुणाची काही माहिती न घेता देता यावं, एवढंच मला हवं होतं.

तिथल्या तिथे फोटो बघायची हौस काही नवी नाही. 1943 साली अमेरिकी संशोधक एडविन लँड यांच्या तीन वर्षांच्या मुलीने वडिलांना विचारलं, आत्ता काढलेला फोटो लगेच का बघता येत नाही? त्या प्रश्नातून झटपट फोटोचं तंत्र जन्माला आलं. फेब्रुवारी 1947 मध्ये लँड यांनी ते जाहीरपणे करून दाखवलं आणि 1948 च्या अखेरीस त्यांच्या पोलरॉइड कंपनीचा पहिला झटपट कॅमेरा बॉस्टनमध्ये विक्रीला आला. पण त्या कॅमेऱ्यातून जे बाहेर येईल ते येईल. डोळे मिटले असतील तर मिटलेच.

प्रिंटरने इथे मोठी सोय केली. मी चार-पाच फोटो काढते, फोन समोरच्याच्या हातात देते आणि म्हणते, "यातला कुठला हवा?" निवड त्यांची. आणि ती माझ्या निवडीशी क्वचितच जुळते. एका आजोबांनी नेमका मी पुसून टाकणार होते तोच फोटो निवडला. मान वाकडी, उजेड मागून आलेला. पण त्यात मागे उभी असलेली त्यांची सायकल हँडलपासून कॅरिअरपर्यंत पूर्ण दिसत होती. त्या दिवसापासून "हा जास्त चांगला आलाय" असं मी कुणाला सुचवत नाही.

आता यंत्रांबद्दल, कारण पुढचा प्रश्न "कुठला घेऊ?" हाच असतो. झिंक (म्हणजे "झीरो इंक") प्रकारात शाई नसतेच. रंग कागदातच असतो, रंगहीन स्फटिकांच्या तीन थरांत, आणि उष्णता लागली की तो उमटतो. वरचा थर पिवळा, मधला किरमिजी, तळाचा निळसर. जास्त ताप थोडा वेळ दिला की वरचा थर जागा होतो, कमी ताप जास्त वेळ दिला की तळाचा. प्रिंटर फोनएवढा, कागद 2 बाय 3 इंच, मागचा पापुद्रा सोलला की स्टिकर. रंग मला थोडे मळकट वाटतात, पण मुलांना तो वहीवर चिकटवता येतो, तेव्हा त्यांना त्याचं काही नसतं.

दुसरा इन्स्टॅक्सचा, म्हणजे फुजीफिल्मच्या झटपट फोटोच्या फिल्मवर छापणारा. यातही शाई नाही. फोनमधलं चित्र प्रिंटर प्रकाशाने फिल्मवर उमटवतो. फिल्म बाहेर पडताना रुळांमध्ये दाबली जाते, जाड पांढऱ्या कडेतली रसायनाची पुडी फुटते आणि ते रसायन फिल्मभर पसरतं. हातात येतो तो कोरा पांढरा चौकोन. फोटो झटकू नका, त्याने काही लवकर येत नाही. आणि फार गारठा असेल तर छातीजवळच्या खिशात ठेवा, नाहीतर रंग बिघडतात.

असा कोरा फोटो मी एका आजींच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्यापुढे धरला. "हा उमटला नाही गं, दुसरा काढ." मी म्हटलं, जरा धरा. आधी चष्म्याची काळी कड दिसू लागली, मग नाकाची सावली, मग डोळे. दीड-दोन मिनिटं आम्ही दोघी काही बोललो नाही. त्यांनी कागद चष्म्याच्या अगदी जवळ नेला आणि म्हणाल्या, "यात तर माझी आई आलीये." त्यांना स्वतःचा फोटो पाहून किती वर्षं झाली असतील, हे मी विचारलं नाही. फोनवर तोच फोटो मी त्यांना आधी दाखवला होता. तेव्हा त्या नुसत्या "छान" म्हणाल्या होत्या.

हे असं का होतं, याचा मी बराच विचार केलाय. फोनवरचा फोटो बघायला हातात दिला तरी माझाच असतो, फोनबरोबर माझ्याकडे परत येतो. कागद हातात आला की तो त्यांचा होतो. मग त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मला त्यात शंका उरलेली नाही.

तिसरा प्रकार डाय-सब्लिमेशनचा, म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा. हा डब्यासारखा, जरा जड, पण फोटो 100 बाय 148 मिलिमीटरचा, म्हणजे पोस्टकार्डाएवढा. घरचे सगळे मिळून उभे असतील तर मी हाच काढते, कारण इन्स्टॅक्स मिनीच्या 62 बाय 46 मिलिमीटरच्या चित्रात दहा माणसांचे चेहरे ज्वारीच्या दाण्याएवढे होतात. यात कागद चार वेळा आतबाहेर करतो: पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी एक पारदर्शक लेप. पहिल्या फेरीनंतर नुसता पिवळा फोटो बाहेर डोकावतो. एका मुलाचा चेहरा तो पाहून असा पडला! "बिघडला," तो बहिणीला म्हणाला. तेवढ्यात कागद आत गेला आणि केशरी होऊन आला. तिसऱ्या फेरीला केस काळे झाले, पाठीमागचं झाड हिरवं झालं. पुढचा फोटो छापताना "अजून दोनदा जाणार, थांबा" असं तोच सगळ्यांना समजावत होता.

एक चूक मात्र मी मोठी केली आहे. अकरा जण हौसेने उभे राहिले, मी फोटो काढला आणि मग पाहिलं तर एकच कागद शिल्लक. तो एकाच्या हातात गेला आणि बाकीचे दहा जण बघत राहिले. दोन लहान मुलींमध्ये तर तो फोटो फाटायची वेळ आली. तेव्हापासून आधी कागद मोजते. इन्स्टॅक्सच्या पाकिटात दहाच असतात. पुरणार नसतील तर फोटोच काढत नाही. छापण्याआधी चेहरे फोनवर जरा जास्तच उजळ करून घेते, विशेषतः सावळे चेहरे. फिल्मवर सगळं काळवंडतं, आणि आपला चेहरा काळोखात गेलेला फोटो देणं म्हणजे त्या माणसाचा अपमानच.

कुणी कुणी असंही विचारतात की ही एक प्रकारची लाच नाही का? फोटो मिळणार म्हणून लोक "हो" म्हणतात. प्रश्न खरा आहे. म्हणून मी प्रिंटरचं नाव आधी काढत नाही. "फोटो काढू का?" एवढंच विचारते, मुलं असतील तर त्यांच्या आईवडिलांना विचारते, आणि नाही म्हटलं की नाही. प्रिंटर बाहेर येतो तो त्यानंतर.

तरी एका बाईंनी मला याच्याही पुढे नेलं. त्यांना फोटो फार आवडला. पोस्टकार्डाएवढा, डाय-सब्लिमेशनवर छापलेला. तो पदरात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "आता तुमच्या फोनमधला काढून टाका." मला क्षणभर वाईट वाटलं, कारण तो त्या वर्षातला माझा सर्वात चांगला फोटो होता. मी त्यांच्यासमोर तो पुसला, हटवलेल्या फोटोंच्या फोल्डरमधूनही पुसला आणि फोन त्यांना दाखवला. त्या समाधानाने गेल्या.

काही दिवसांनी त्या प्रिंटरचं कार्ट्रिज, म्हणजे रंगाच्या रिबनची डबी, संपलं. या प्रिंटरची रिबन एकदाच वापरता येते, आणि जेवढा रंग कागदावर गेला तेवढा तिच्यावरून कमी झालेला असतो. म्हणजे छापलेला प्रत्येक फोटो रिबनवर निगेटिव्हसारखा शिल्लक राहतो. मी ती उजेडात धरून ओढत गेले आणि त्या बाई सापडल्या. एकदा पिवळ्यात, एकदा किरमिजी रंगात, एकदा निळ्यात, डोळ्यांच्या जागी फिकट ठिपके. कात्री आणली आणि तीनही तुकड्यांचे बारीक कपटे केले. आता रिबन संपली की दर वेळी पूर्ण कापूनच टाकते.