दिलेला राजीनामा मागे घेता येतो का?

मागच्या वर्षी मी संतापाच्या भरात रात्री साडेअकराला मोबाईलवरच राजीनामा टाईप केला आणि पाठवून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी राग उतरला तशी झोपच उडाली. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, एकदा दिला की मागे घेता येत नाही. मी ते खरंच मानलं असतं, पण ओळखीच्या एका वकीलकाकांनी मेल वाचून पहिलं विचारलं, "शेवटचा दिवस कुठला लिहिलायस?"

मी दोन महिन्यांनंतरची तारीख टाकली होती, आणि खरी मेख तिथेच आहे. अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी मे १९७७ मध्ये राष्ट्रपतींना पत्र लिहिलं की १ ऑगस्टपासून राजीनामा, मग १५ जुलैला ते मागे घेतलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७८ मध्ये निकाल आला की पुढची तारीख असेल तर ती उजाडेपर्यंत राजीनामा मागे घेता येतो, नियमात आडकाठी नसेल तर. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, कोकण रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल लागला. त्यांनी डिसेंबर २०१३ मध्ये दिलेला राजीनामा मे २०१४ मध्ये मागे घेतला होता, रेल्वे म्हणत होती की आम्ही तो आधीच मंजूर केला, पण कोर्टाने म्हटलं की मंजुरीचं ते पत्र ऑफिसातल्या ऑफिसातच फिरलं, कर्मचाऱ्यापर्यंत पोचलंच नाही.

म्हणजे तारीख आणि मंजुरीचं पत्र, दोन्ही बघायचं. "आजपासून मुक्त करा" असं लिहिलं आणि त्यांनी मंजूर करून कळवलं की विषय जवळपास संपतो.

आता हे निकाल बहुतेक सरकारी किंवा सरकारी कंपन्यांतल्या नोकऱ्यांचे आहेत. प्रायव्हेटमध्ये अपॉइंटमेंट लेटरमध्ये काय लिहिलंय ते आधी काढून वाचा, कारण कोर्ट सहसा खासगी कंपनीला "याला परत घ्या" असं सांगत नाही, तिथे कंपनीची मर्जी फार चालते. हे मला पटत नाही, दोन महिने काम करून घेणार आणि माणसाने मन बदललं तर ऐकूनही घेणार नाही, हा न्याय नाही.

आणि प्लीज, साहेबांना केबिनमध्ये तोंडी सांगून थांबू नका. मी त्याच दुपारी मेल केला: "माझा राजीनामा मी मागे घेत आहे, कृपया पोच द्यावी." मंजुरीचा मेल तोवर आला नव्हता. पोच चौथ्या दिवशी आली, तोपर्यंत मी रोज हँडओव्हरची शीट भरत होतो.